पूरजळ ते अदालत-ए-आलिया
(न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या चरित्राची प्रस्तावना)

परभणीच्या न्यायालयात मी वकिलीची उमेदवारी करू लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी एक जुनी, कडा झिजलेली, तांबूस पडलेली मिसल माझ्या हाती ठेवली आणि तीतील दस्तऐवजांची यादी करून आणावयास सांगितले. मी ती उलगडली, आणि पानामागून पान उलटीत गेलो तसतसा मनातल्या मनात ओशाळत गेलो. कारण दावा, जवाबदावा, पंचांचे जबाब, हुकूमनामा हे सारे घसरत्या उर्दू लिपीत होते, तारखा फसली सनाच्या आणि महिने आजूर, दै, बहमन असे होते, दोन ठिकाणी मोडीतील सही होती, आणि मला म्हणून ओळखता आली ती केवळ कुळाच्या अंगठ्याची निशाणी. न्यायालयाच्या आवारात लिंबाखाली बसणाऱ्या एका वृद्ध अर्जनविसाने ती मिसल डोळ्यांसमोर धरली आणि वाचता वाचता तिचा मराठी अर्थ असा सांगत गेला, की जणू तो मजकूर मुळात मराठीतच लिहिला गेला होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीचा, वाटणीचा, कर्जाचा आणि अब्रूचा निवाडा ज्या भाषेत होत असे ती त्यांना कळत नव्हती, आणि ज्या मूठभर माणसांना ती कळत होती त्यांच्या शब्दावर घराची घरे उभी राहत किंवा बसत, ही गोष्ट मी इतिहासाच्या पुस्तकात अनेकदा वाचली होती. परंतु ती मला समजली त्या दिवशी.

आपल्या जिल्ह्यातील पहिल्या पिढीच्या वकिलांविषयी माझ्या मनात जे कुतूहल उत्पन्न झाले ते तेव्हापासूनचे, आणि त्या कुतूहलाचा शोध घेत मागे मागे गेले असता वाट ज्या एका नावापाशी येऊन थांबते ते नाव केशवराव कोरटकर यांचे. म्हणूनच या चरित्राच्या लेखकाने प्रस्तावनेचा आग्रह धरला तेव्हा, माझा अधिकार अल्प आहे हे पूर्णपणे जाणून असूनही, मला तो मोडवला नाही.

केशवरावांचा जन्म १८६७ साली वसमत तालुक्यातील पूरजळ या गावी झाला. आज हा तालुका हिंगोली जिल्ह्यात गणला जातो. परंतु १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत वसमत, कळमनुरी, हिंगोली हा सारा मुलूख परभणीचाच होता, आणि त्यामुळे या पुरुषावर परभणीकरांनी सांगितलेला हक्क शेजाऱ्याच्या शेतातील बांध सरकवण्यासारखा नाही. ज्या वर्षी केशवराव जन्मले त्याच्या अवघी दोनच वर्षे आधी, १८६५ मध्ये, हैदराबादच्या निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी केली होती. त्यापूर्वी महसूल मक्त्याने दिला जात असे, मक्तेदार सरकारात ठरीव रक्कम भरून रयतेकडून मन मानेल तेवढी वसूल करी, आणि दाद मागावयाची तर ती कोणाकडे, याचा ठावठिकाणा गावाला नसे. जिल्हाबंदीमुळे तालुकदार आले, तहसीलदार आले, दप्तरे आली. अर्थात जुलूम एका रात्रीत नाहीसा झाला नाही, परंतु जुलमाविरुद्ध अर्ज लिहिण्यास एक पत्ता मिळाला. कायद्याने चालणारे राज्य म्हणजे काय याची पहिली, पुसट रेघ आपल्या मुलखात उमटत असताना हा मुलगा वाढत होता, हे त्याच्या चरित्राच्या आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

त्या काळच्या वसमत तालुक्याचे चित्र आजच्या वाचकाने थोडे प्रयत्नपूर्वक डोळ्यांपुढे आणावे. परभणीवरून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला आणि पूर्णा-हिंगोली फाटा त्याच्याही नंतर. केशवरावांच्या बालपणी या भागातून बाहेर पडावयाचे म्हणजे बैलगाडी, अथवा पाय. काळी कसदार जमीन, गोदावरी-पूर्णेचे पाणी, हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी आणि तिच्या आधाराने वाढलेली बाजारपेठ, एवढी सामग्री होती. शाळा म्हणावी तर पंतोजीची, आणि पंतोजीपुढचे शिक्षण पाहिजे असेल तर गाव सोडणे भाग. केशवरावांनी गाव सोडले आणि त्यांच्या आयुष्याला आकार मिळाला तो गुलबर्ग्यास. गुलबर्गा १८७१ पासून मुंबई-रायचूर लोहमार्गावर आलेले, सुभ्याचे ठाणे असलेले, कानडी, मराठी आणि उर्दू या तीन भाषा एकाच बाजारात बोलणारे शहर. तेथेच त्यांनी वकिलीस प्रारंभ केला.

वकील या शब्दाचा त्या राज्यातील अर्थ येथे जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून पुढील प्रकरणे वाचणाऱ्यास केशवरावांच्या उंचीचे मोजमाप लागणार नाही. मुंबई इलाख्यातील वकील इंग्रजी शिकून, विद्यापीठाची पदवी घेऊन, ब्रिटिश विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या बळावर उभा राहत असे, आणि त्याच्या पाठीशी वृत्तपत्रे, सभा आणि विद्यापीठ यांचे एक जागृत जग असे. निजामाच्या राज्यातील वकिलास यांपैकी काहीच नव्हते. न्यायालयांची भाषा प्रथम फारशी होती आणि १८८४ च्या सुमारास ती उर्दू झाली. वकिलीच्या परीक्षा राज्यच घेई आणि सनदा दर्जावार देई. खालच्या दर्जाच्या सनदेवर खालच्याच न्यायालयात उभे राहता येई. अशा राज्यात मराठी घरातील मुलाने वकील व्हावयाचे म्हणजे परक्या लिपीत विचार करण्यापर्यंत मजल मारावी लागे. तो सकाळी कुळाकडून मराठीत हकिगत ऐकून घेई, दुपारी ती उर्दूत मांडी, न्यायाधीशाने विचारलेला प्रश्न पुन्हा मराठीत करून कुळाकडे वळे, आणि सायंकाळी घरी येणाऱ्या गावकऱ्यांना नव्या गश्तीचा, म्हणजे सरकारी परिपत्रकाचा, अर्थ समजावून सांगे. गाव आणि सरकार या दोन काठांमध्ये तो सेतूसारखा पसरलेला असे, आणि दोन्ही काठांचा भार त्याच्यावर पडे. ज्याला केवळ पैसा करावयाचा असेल त्याला ही जागा फार सोयीची होती, कारण अज्ञान जितके गाढ तितका मेहनताना जड. केशवरावांच्या आयुष्यातील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही, की ज्या अज्ञानावर त्यांच्या व्यवसायाची भरभराट अवलंबून होती तेच अज्ञान नाहीसे करण्यासाठी त्यांनी त्या व्यवसायात मिळवलेले धन, वजन आणि वेळ खर्च केला.

एकोणिसावे शतक सरता सरता ते हैदराबादेस आले. राजधानीत तेव्हा सार्वजनिक जीवन असे म्हणावयास फारसे काही नव्हते, परंतु अगदी शून्यही नव्हते. १८८३ साली चांदा रेल्वेच्या योजनेवरून वाद माजला असता, राज्याच्या हिताचे प्रश्न प्रजेनेही विचारावेत असे म्हणणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हद्दपारी भोगावी लागली होती. सरोजिनी नायडूंचे हे वडील हैदराबादच्या नव्या शिक्षणाचे एक आद्य प्रवर्तक, आणि त्यांच्या भोवती जमणाऱ्या मंडळींत हिंदू होते तसे मुसलमानही होते. १८९२ साली तेथे आर्यसमाजाची स्थापना झाली. केशवराव या समाजात शिरले, आणि पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या आर्यसमाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले. त्यांची त्यावरील निष्ठा किती खोल होती हे एका गोष्टीवरून दिसते : त्यांनी आपला मुलगा विनायक याला सरकारी नोकरीच्या वाटेने न पाठवता गंगेकाठच्या गुरुकुल कांगडीस धाडले, जेथून तो विद्यालंकार होऊन परतला. आपण स्वीकारलेल्या विचाराची किंमत पुढाऱ्याने आपल्या घरातून मोजावी, ही अपेक्षा बोलण्यास सोपी असते.

याच सुमारास, १९०७ च्या आसपास, वामनराव नाईक, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली. आज महाराष्ट्रात गल्लोगल्ली शाळा असल्यामुळे या घटनेचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. त्या राज्यात, जेथे लोकसंख्येचा सुमारे चतुर्थांश मराठी बोलत होता, मराठीतून शिकवणारी खासगी शाळा काढणे हे सरकारच्या दृष्टीने निरुपद्रवी काम नव्हते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे, आणि पुढे खासगी शाळांनी परवानगीवाचून चालू नये असे नियम झाल्यावर त्यांपैकी पुष्कळांना दारे बंद करावी लागली. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याची उस्मानियाची कल्पना तत्त्वतः थोर होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुःख एवढेच, की त्या राज्यात देशी भाषा या संज्ञेत बहुसंख्य प्रजेच्या तेलुगू, मराठी, कानडी या भाषा बसत नव्हत्या. ही उणीव सरकारने भरून काढावी म्हणून वाट पाहत न बसता ज्यांनी ती लोकवर्गणीने भरून काढली त्यांत केशवराव अग्रभागी होते. औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या साऱ्या त्याच प्रवाहातील. आपल्या मुलखातील पुढच्या पिढीचे कार्यकर्ते ज्या बाकांवर बसून घडले ते बाक बहुधा अशाच खासगी शाळांचे होते.

येथे एक प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण चरित्रनायकाविषयीचा आदर कितीही असला तरी त्याच्या वर्तुळातील चूक झाकणे हे त्या आदराला शोभणारे नाही. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणेची परिषद भरली होती. इंग्रजी, उर्दू, मराठी अशी भाषणे चालली होती. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलण्यास उठले, तेव्हा सभेतील काहींनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. त्याच रात्री मनाला डंख बसलेल्या तेलुगू मंडळींनी, ज्यांत माडपाटी हनुमंतराव होते, आंध्रजन संघाची स्थापना केली. ज्या राज्यात तेलुगू ही सर्वांत मोठ्या समूहाची भाषा, आणि जेथे मराठी माणूस स्वतःच्या भाषेच्या उपेक्षेविरुद्ध झगडत होता, तेथे मराठी माणसांच्याच सभागृहात तेलुगूची अशी गत व्हावी ही लाजिरवाणी गोष्ट होती, आणि केशवरावांच्या पिढीच्या हिशेबात ती वजा बाजूस मांडलीच पाहिजे. परंतु इतिहासाचे चक्र असे फिरले, की त्या अपमानातून उभी राहिलेली आंध्र महासभा १९३० पासून अधिवेशने भरवू लागली, आणि तिच्याच नमुन्यावर मराठी जिल्ह्यांची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूर येथे भरली. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे ज्यांना आपण बोलू दिले नाही त्यांच्याकडूनच आपण संघटित होण्याचा धडा घेतला, आणि तो घेतला आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर.

पुढे केशवराव हैदराबादच्या अदालत-ए-आलियाचे, म्हणजे उच्च न्यायालयाचे, न्यायाधीश झाले. मुसी नदीच्या काठी १९२० साली उद्घाटन झालेली ती तांबड्या-गुलाबी दगडाची इमारत ज्यांनी पाहिली असेल त्यांना पूरजळच्या मुलाने तेथवर केलेल्या प्रवासाचे अंतर वेगळे सांगावयास नको. येथे कोणासही न्यायमूर्ती रानड्यांची आठवण व्हावी. १८९३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात बसलेले रानडे आणि हैदराबादच्या पीठावर बसलेले कोरटकर यांच्यात साम्य पुष्कळ आहे : दोघांनीही न्यायासनावर असताना समाजकार्य सोडले नाही, दोघांचाही भर संस्था उभारण्यावर होता, दोघांच्याही स्वभावात संयम होता. भेद आहे तो परिस्थितीचा. रानड्यांच्या सरकारला निदान आपल्या कायद्याची लाज बाळगावी लागे. कोरटकरांच्या राज्यात फर्मान हाच अंतिम कायदा होता, आणि ते कोणत्या दिवशी निघेल हे न्यायाधीशासही ठाऊक नसे.

तरीही त्याच राज्याने १९२१ च्या सुमारास न्यायखाते महसूल खात्यापासून वेगळे केले, ही गोष्ट त्याच्या पदरी जमा केली पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेस जी सुधारणा वर्षानुवर्षे मागत होती ती येथे फर्मानाने झाली. तत्पूर्वी जो तालुकदार सारा वसूल करी तोच फौजदारी खटला चालवी. साऱ्याची बाकी राहिलेला शेतकरी पाटलाशी भांडला म्हणून त्याच्यापुढे उभा केला गेला, तर त्याच्या मनात न्यायाची किती आशा उरत असेल? वसुली करणारा हात आणि तराजू धरणारा हात वेगळे झाले याचे मोल शहरी विद्वानांपेक्षा गावातील माणसाला अधिक कळले असणार, आणि ज्या न्यायाधीशाचे बालपण गावात गेले होते त्यालाही.

राजकारणात मात्र त्या पिढीपुढे भिंतच होती. राज्यात राजकीय सभा घेता येत नसे, म्हणून हैदराबाद संस्थानातील प्रजेच्या राजकीय परिषदा राज्याबाहेर भरत : १९२३ साली काकीनाड्यास माधवराव अणे यांच्या अध्यक्षतेखाली, १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास नरसिंह चिंतामण केळकर यांच्या अध्यक्षतेखाली, आणि १९३१ साली अकोल्यास. सन १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे १ कोटी ४४ लाख वस्तीचे, ८२ हजारांहून अधिक चौरस मैलांचे राज्य, आणि त्यातील प्रजेला आपल्या घरचे गाऱ्हाणे सांगण्यासाठी परक्याच्या ओसरीवर जावे लागत होते. १९२९ मध्ये गश्ती निशान ५३ निघाली आणि कोणत्याही जाहीर सभेस पूर्वपरवानगी आवश्यक झाली. परवानगी मिळत असे ती धार्मिक कार्यास, पुस्तकालयास, साहित्यास. म्हणून राजकारण पुस्तकालयाच्या कपाटामागे आणि कीर्तनाच्या मांडवात जाऊन बसले. १९३१ साली हैदराबादेत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला राजधानीबाहेरच्या मराठी जिल्ह्यांच्या दृष्टीने जे महत्त्व आले त्याचे एक कारण हेही होय.

२१ मे १९३२ रोजी केशवराव गेले. स्टेट काँग्रेस सहा वर्षे दूर होती, स्वामी रामानंद तीर्थांचा सत्याग्रह व्हावयाचा होता, रझाकारांचे नावही कोणी ऐकले नव्हते, आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई कोणाच्या स्वप्नातही नसेल. यामुळेच आपल्या मराठवाड्याच्या स्मृतीत त्यांना जागा थोडी मिळाली. आपण मुक्तिसंग्रामाचे वर्णन करतो ते १९३८ पासून. त्याआधीचा काळ अर्ज-विनंत्यांचा, म्हणून नेभळट, असा एक ग्रह तरुण वाचकांत आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या राज्यात चार माणसे एकत्र जमली की गुप्त पोलिसांचा अहवाल जाई, तेथे वर्षानुवर्षे समाजाची साप्ताहिक बैठक भरवणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे, हिशेब तपासून घेणे, शिक्षक टिकवणे आणि इतके करूनही सरकारी पीठावरून कायद्याची बूज राखणे यांस जे धैर्य लागते ते तुरुंगात जाण्याच्या धैर्याहून निराळे असेल, कमी खासच नव्हे. १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहात जे हजारो लोक तुरुंगात गेले त्यांची संघटना आकाशातून पडली नव्हती. तिची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत केशवराव होते. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार, जे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते, याच चळवळीच्या अग्रभागी उभे राहिले, पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ साली हैदराबादहून लोकसभेवर निवडून गेले. १९४० साली हैदराबादच्या नारायणगुड्यात वडिलांच्या नावाने जी केशव मेमोरियल शाळा उभी राहिली ती अद्याप चालू आहे. तेथील बहुतेक विद्यार्थी आता तेलुगू बोलणारे असतील, आणि १९२१ च्या त्या सायंकाळची आठवण ठेवून मला यात विशेष समाधान वाटते.

चरित्रलेखकाने हे सारे साधेपणाने, कोठेही आवाज न चढवता लिहिले आहे. काही ठिकाणी त्याने नायकाच्या कौटुंबिक जीवनाचा विस्तार अधिक केला असता तर बरे झाले असते असे वाटते. परंतु त्या पिढीतील माणसे स्वतःविषयी इतके थोडे लिहून ठेवीत, की हा दोष लेखकापेक्षा साधनांचा मानावा लागेल. परभणी-हिंगोलीच्या वाचकांनी हे पुस्तक वाचताना वसमत तालुक्याचा नकाशा जवळ ठेवावा, आणि मागे जोडलेली फसली-इसवी सनांची तालिका उपयोगात आणावी. फसली सनात साधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घोटाळे टळतील.

एक काम मात्र अजून उरले आहे आणि ते या लेखकाच्या किंवा माझ्या हातून होण्यासारखे नाही. अदालत-ए-आलियाचे कामकाज उर्दूत चालत असे. म्हणजे न्यायाधीश म्हणून केशवरावांनी जे विचार मांडले ते त्या भाषेत दप्तरांत पडलेले आहेत. घसरती उर्दू लिपी वाचता येते, जुन्या कायद्याची परिभाषा कळते आणि मराठीत सुबोध लिहिता येते, अशी माणसे आमच्या जिल्ह्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. ज्या अर्जनविसाने मला ती पहिली मिसल वाचून दाखवली तेही आता नाहीत. परभणी, नांदेड, औरंगाबाद येथे अशी जी वृद्ध मंडळी असतील, आणि त्यांच्यात जे उर्दूचे अध्यापक मुसलमान मित्र असतील, त्यांच्याशेजारी एखाद्या तरुण वकिलाने वही घेऊन बसावे आणि ती निकालपत्रे मराठीत उतरवून घ्यावीत. तो पुढे आला तर परभणीतील माझी खोली, कंदिलाच्या काळापासून जपलेले दोन उर्दू-मराठी कोश आणि माझ्याजवळ उरलेल्या जुन्या मिसली त्याच्या स्वाधीन करण्यास मी तयार आहे.